बारा टोपणं

कुलूप तुम्ही लावलंत, साहेब. गावात बरं कुलूप मिळेना तर ओतूरला माणूस धाडून नवं पितळी आणवलंत. आत पाच जिवंत माणसं कोंडलीत, बाहेर ‘व्यसनमुक्ती निवासी शिबिर’ असा कापडी फलक टांगलात आणि किल्ली एका बाईच्या हातात ठेवलीत. मग तीन महिन्यांनी तुमच्याच कचेरीतून तिला कागद आला, की दार उघडून तू आत काय केलंस. चौकशीला आलात तेव्हा ती बाई बाहेर ओट्यावर बसून होती आणि तुम्ही आत चहा पीत होता. तिला एक शब्द विचारला नाहीत. तेव्हा विचारला नाहीत, तर आता ऐका.

“शकाबाय, ह्या मुंग्या झाड की गं. पांघरुणभर झाल्यात.”

बालवाडीच्या खिडकीतून कुंडलिकचा आवाज आला तेव्हा शकुबाई बाहेर तीन दगडांच्या चुलीवर चहा उकळत होती. गुरुवार होता. कोंडल्याचा तिसरा दिवस. तिनं पदरानं पातेलं उतरवलं आणि खिडकीशी गेली. कुंडलिक भिंतीला टेकून बसला होता. मागं भिंतीवर रंगवलेला अननस, आंबा, इमारत. मांडीवर काळं घोंगडं. त्या घोंगड्यावरून तो दोन बोटांच्या चिमटीत एकेक मुंगी उचलत होता आणि बाजूला ठेवत होता. मारत नव्हता. नांगरताना सापडलेली टिटवीची अंडी बांधावर ठेवावीत तसा जपून ठेवत होता.

घोंगड्यावर मुंगी एकही नव्हती.

“सकाळधरनं ह्येच चाललंय,” आतून चिमाजी म्हणाला. पाच जणांत तो वयानं सगळ्यात मोठा आणि तोंडानं सगळ्यात वात्रट. “मी म्हणलं, बाबा, मुंग्याच येत्यात तर साखर बी कुटं हाय ती सांग. चहा तरी गोड हुईल.”

बाकीचे तिघं हसले. शकुबाई हसली नाही. ती चिमूट तिच्या ओळखीची होती. बारा वर्षांपूर्वी तिनं ती स्वतःच्या घरात पाहिली होती.

शकुबाई बोरखिंडच्या आरोग्य उपकेंद्रात अर्धवेळ स्त्री परिचर. पदाच्या नावात अर्धवेळ, कामाला उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. नर्सबाई आठवड्यातून दोनदा यायच्या, रजिस्टर भरायच्या, एस.टी. गाठायच्या. बाकी सगळं शकुबाई. खोली झाडायची, सुया उकळायच्या, पोलिओच्या डोसाला पोरं गोळा करायची, अडलेल्या बाईला बैलगाडीत घालून फाट्यावर न्यायची. चौदा वर्षं. गावातल्या निम्म्या पोरांच्या नाळा तिनं हातात धरलेल्या. तरी वरच्या आळीत तिला चहा मिळायचा तो गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपातच. कुंडलिकच्या घरीसुद्धा. कुंडलिकची आई धोंडाबाई तो चहा वरून ओतायची, कपाला किटली लागू न देता.

आणि ही योजना. तालुक्यात ज्या गावात दारू नाही, दारुडा नाही, त्या गावाला ढाल, सत्कार आणि रस्त्याच्या कामात पहिला नंबर. शुक्रवारी अकरा वाजता तपासणी समिती येणार होती. गावानं घोषणा रंगवल्या, गटारं उपसली, साळुबाईची हातभट्टी विझवली. प्रश्न उरला पिणाऱ्यांचा. बाकीचे गुपचूप पिणारे होते, ते गुपचूप राहतील. पण हे पाच जण उघडे. सकाळी चुळीबरोबर लागायची त्यांना. मग कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की मंगळवारी सकाळी उचलायचे आणि शुक्रवार दुपारपर्यंत बालवाडीत ठेवायचे. कोंडून ठेवलं म्हटलं तर गुन्हा होतो, शिबिर म्हटलं तर गुण मिळतात. शिबिराला आरोग्य खात्याचं माणूस लागतं. म्हणून किल्ली शकुबाईकडे.

तिनं मंगळवारीच विचारलं होतं, “डॉक्टर येणारेत का तपासाया?”

“येतील की,” असं उत्तर मिळालं होतं. ते अजून येतायत.

चहाचे पेले खिडकीतून आत देऊन ती तडक ग्रामपंचायतीकडे गेली. सरपंच सावळेराम पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून दारातली रांगोळी बघत उभा होता. शेजारी ग्रामसेवक भाऊसाहेब, काखेत फायली.

“आण्णा, कुंडलिकला तालुक्याच्या दवाखान्यात हलवाया पायजे. आत्ताच.”

“का? काय झालं?”

“नसल्याल्या मुंग्या दिसत्यात त्याला. अंग थरथरतंय, घामानं सदरा भिजलाय. आता फिट येनार.”

“तलप हाय ती. नाटकं करतंय बेणं.”

“आण्णा, मरंल तो.”

सावळेराम हसला. “शकुबाई, दारू पिऊन मेल्याली माणसं मी लई बघितली. दारू सोडून मेल्याला एक दाखव मला.”

रांगोळी काढणाऱ्या पोरीसुद्धा हसल्या.

एक दाखवता आला असता. शकुबाई पदराची गाठ चाचपत राहिली, किल्ली होती तिथं. मग म्हणाली, “ट्रेनिंगमधी सांगितलंय आमाला. लई वर्सं पेणाऱ्याची येकदम तोडायची नसती. गोळ्या चालू करून, दवाखान्यात ठिऊन…”

“ट्रेनिंग किती दिवसांचं होतं?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“दोन.”

“दोन दिवसांत डॉक्टर झालात बाई तुम्ही! हे बघा, आज त्याला दवाखान्यात नेलं तर केसपेपरवर गावाचं नाव येणार, पुढं दारू लिहिणार. उद्या समितीच्या हातात तोच कागद. एक दिवस दम धरा. उद्या बारा वाजता समितीची गाडी फाट्याला लागली, की मी स्वतः जीप देतो.”

“उद्या बारा,” ती म्हणाली.

“उद्या बारा,” सावळेराम म्हणाला आणि पुन्हा रांगोळीकडे वळला. “पोरी, त्या बाटलीवर फुली जरा ठळक काढ गं.”

तिनं दुकानातल्या रुपयाच्या डब्यावरून प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन लावला. औषधं देणाऱ्यानं उचलला. डॉक्टर नाहीत.

“त्या गोळ्या हायेत का वो, फिटवरच्या, झोपंच्या?”

“कपाटात हायेत मावशी. पण डॉक्टरच्या सहीबिगर निघत न्हाईत.”

“डॉक्टर कुटं गेल्यात?”

“मीटिंगला.”

“कसली मीटिंग येवडी?”

“व्यसनमुक्ती योजनेची.”

रुपया संपला, फोन तुटला.

एक वाजता चिमाजीची आरोळी आली. वात्रटपणाची नव्हती ती, खरी. शकुबाईनं धावत येऊन कुलूप काढलं. कुंडलिक जमिनीवर धनुकलीसारखा ताठला होता, दातखीळ बसलेली, टाचा फरशीवर आपटत होत्या. बाकीचे तिघं कोपऱ्यात चिकटून उभे. चिमाजी तेवढा त्याच्या डोक्याखाली हात घालून बसला होता. त्याचेही हात थरथरत होते.

“कांदा आणा रं! न्हाईतर चप्पल हुंगवा!” कोणी तरी ओरडलं.

“काय नगं,” शकुबाई म्हणाली. तिनं त्याला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पदरानं पुसला, धरून न ठेवता नुसती शेजारी बसली. किती वेळ, ते कळलं नाही. अंग सैल पडलं. धोतर ओलं झालं. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “आई, दार उघडं ऱ्हायलंय. गुरं जातील.”

खरी आई दारात उभी होती. धोंडाबाई, हातात भाकरीचं फडकं. मंगळवारी तिनंच शिबिराच्या कागदावर अंगठा उठवला होता, पोरगं सुधारंल म्हणून. ती आत आली नाही, बाहेर गेली नाही. उंबऱ्यातच बसली.

“शके,” ती म्हणाली, “काय बी कर. पर करच.”

जीप एकच, संपतची, आणि ती समितीसाठी खुर्च्या आणायला ओतूरला गेलेली. यायला तीन तरी वाजणार. मढ गावाकडून येणारी एस.टी. पाचला. म्हणजे जीपसाठीसुद्धा दोन तास. आणि शकुबाईला माहीत होतं की दोन तासांत दुसरी फिट येते, मग तिसरी येते, आणि तिसरीनंतर माणूस परत शुद्धीवर येईलच असं नसतं.

कसं माहीत होतं, ते सांगतो.

तिचा नवरा पोपट गवंडी होता. हात सोन्याचा, आणि संध्याकाळी तोच हात बाटलीचा. पंच्याण्णव सालच्या वैशाख पौर्णिमेला तिनं त्याला विहारात उभा केला. सगळ्या समाजासमोर पाचवं शील म्हणवून घेतलं, आजपासून मद्य नाही. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर तिनं त्याला आतल्या खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली आणि दाराला पाठ लावून बसली. तीन दिवस. तो आतून शिव्या द्यायचा, मग रडायचा, मग हाका मारायचा, “शकू, येक घोट दे, फकस्त येक, मग न्हाई मागनार.” बायका येऊन म्हणायच्या, हटू नको शके, जिंकलीस तू. तिसऱ्या दिवशी फटीतून तिला दिसलं, तो गोधडीवरून काही तरी वेचतोय. तिला वाटलं, शुद्धीवर आला, सुतं वेचतोय. बरं वाटलं तिला. चौथ्या सकाळी कडी काढली तेव्हा तो थंड होता. दाखल्यावर ‘फेफरे’ लिहिलं. भावकी म्हणाली, बाहेरचं काही तरी होतं.

नऊ वर्षांनी खात्यानं व्यसनावरचं ट्रेनिंग लावलं. एक तरुण डॉक्टर खडूनं फळ्यावर लिहीत गेला. पहिला दिवस, थरकाप, घाम. दुसरा दिवस, फिट. तिसरा दिवस, नसलेले किडे, मुंग्या दिसणे. पुढे त्यानं लिहिलं, मृत्यू. शकुबाईनं हात वर केला.

“सर, म्हंजे दारू थांबवल्यानं बी माणूस मरतो?”

“औषधाशिवाय अचानक थांबवली तर मरू शकतो.”

जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्यामागे व्हरांड्यात गेली. “सर, दवाखाना लांब असंल, गाडीच नसंल, तर?”

डॉक्टरनं इकडे तिकडे पाहिलं. “मग मावशी, जी तोडली तीच थोडी थोडी द्यायची आणि गाडी बघायची. शुद्धीवर असताना, बसवून. मोजून द्यायची, आणि दिलं ते लिहून ठेवायचं. पण हे मी तुम्हाला सांगितलं नाही.”

ती परत येऊन पंगतीत बसली. वरण-भात जेवली. हजेरीवर सही केली, एस.टी.नं घरी आली. पोपट त्या कडीनंच मेला, हे तिनं कोणाला सांगितलं नाही. पोरीलाही नाही.

साळुबाईचं घर ओढ्याकाठी. दोन वर्षांपूर्वी शकुबाईनंच बायका गोळा करून तिची भट्टी फोडली होती, पहिला दगड तिचाच. आज ती दारात दिसताच साळुबाईनं सूप खाली ठेवलं.

“काय गं? काय फोडाया आलीस आता? कपाळ ऱ्हायलंय फकस्त.”

“साळू, थोडी दारू दे.”

साळुबाई खदखदून हसली. “तू? अगं, आमी ऐकलं व्हतं, तुमच्यात पाचवं काय तरी असतंय, त्यात दारू बसत न्हाई.”

“न्हाई बसत.”

“मंग?”

“कुंडलिकला फिट आली. मुंग्या दिसत्यात त्याला. आनी पोपट…” तिनं दाराची चौकट धरली. “पोपट असाच गेला, साळू. मीच कोंडला व्हता.”

इतक्या वर्षांत हे तिनं पहिल्यांदा तोंडातून काढलं, आणि तेही कोणासमोर, तर गावाला दारू पाजणारीसमोर. साळुबाईचं हसू गेलं. ती उठली, कडब्याच्या गंजीत कोपरापर्यंत हात घालून एक बाटली ओढली.

“पयल्या धारंची हाय. पानी घालून दे. आनी शके, म्या दिली म्हनून सांगू नगंस.”

“न्हाई सांगनार.”

सांगितलंही नाही. तुमच्या कागदात ‘अज्ञात ठिकाणाहून मद्य आणून’ असं आहे, ते त्यामुळं.

बालवाडीत तिनं खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण घेतलं, पोरांना डोस द्यायचं. दारूचा वास सुटला तसे बाकीचे चारही जण ताठ झाले. एकजण गयावया करायला लागला. “शकाबाय, अर्धं टोपण. तुझ्या पाया पडतो.” तिनं एकेकाचे हात पुढं करायला लावले, बोटं बघितली, डोळे बघितले, आजचा वार विचारला. सगळ्यांनी गुरुवार सांगितला.

“तुमी तरताय,” ती म्हणाली. “ह्यो बुडतोय.”

“धरू का त्याला?” चिमाजीनं विचारलं. त्यानं कुंडलिकला मागून कवेत घेऊन बसवलं. त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर बाटली उघडी होती. त्याचा गळा वरखाली होत होता. पण त्यानं मान दुसरीकडे, त्या रंगवलेल्या अननसाकडे वळवली आणि शेवटपर्यंत तशीच ठेवली. गावातल्या एकाही शहाण्यानं त्या दिवशी एवढं केलं नाही.

शकुबाईचा हात मात्र अडला. रोज संध्याकाळी म्हटलेले शब्द ओठांवर आले. टोपण भरलेलं, हात हवेत. तेवढ्यात कुंडलिकनं तिच्या पदरावरून एक मुंगी उचलली आणि हळूच बाजूला ठेवली.

तिनं टोपण त्याच्या ओठांना लावलं.

चार टोपणं. थांबली. भिंतीवरच्या आंब्याखाली खडूनं चार रेघा ओढल्या, पुढं वेळ लिहिली, एक पन्नास. वीस मिनिटांनी आणखी चार. मग आणखी चार. पाणी घातलेली बारा टोपणं, बारा रेघा, तीन वेळा. तिसऱ्या खेपेनंतर त्याच्या हातांचं कापणं मंदावलं. त्यानं घोंगड्याकडे पाहिलं. झाडून पाहिलं.

“गेल्या वाटतं,” तो म्हणाला.

धोंडाबाई उंबऱ्यातून बघत होती.

संपतची जीप तीनला खुर्च्या घेऊन आली. शकुबाई आडवी गेली. “संपत, खुर्च्या उतरव. कुंडलिकला दवाखान्यात न्यायचंय.”

“मावशी, सरपंचानं सांगितलंय, उद्यापतोर गाडी हलवायची न्हाई. माझं पोट हाय त्यांच्यावर.”

धोंडाबाई मागचं फळकं धरून वर चढली, खुर्च्या एकेक करून रस्त्यावर टाकायला लागली. सत्तरीची बाई. चौथ्या खुर्चीला संपत म्हणाला, “थांब आजी, पाय मोडंल खुर्चीचा,” आणि स्वतः उतरवायला लागला.

तालुक्याच्या दवाखान्यात एक थकलेली डॉक्टरीण होती. तिनं शिरेतून औषध दिलं, सलाईन लावली, मग विचारलं, “शेवटची दारू कधी घेतली?”

“दोन तास झालं असत्याल. म्या पाजली. बारा टोपणं, मोजून. फिट गेल्यावर, बसवून.”

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. “कोणी शिकवलं तुम्हाला?”

शकुबाईनं कुंडलिकचं घोंगडं नीट केलं.

“हे करायचं नसतं, मावशी. घशात गेलं असतं तर?” मग आवाज उतरवून ती म्हणाली, “पण इथवर आला तो बहुतेक त्यामुळंच आला.”

“येवडं लिवून द्याल का, मॅडम?”

“ते लिहिता येत नाही.”

तिनं लिहिलं ते एवढंच, ‘तोंडास मद्याचा वास. परिचर स्वतः मद्य पाजल्याचे सांगते.’ वाक्य खोटं नाही. अर्धं आहे.

शुक्रवारी समिती आली. शिबिर पाहिलं, चार शिबिरार्थी पाहिले, चिमाजीनं पाठ केलेलं भाषण म्हणून दाखवलं. एका साहेबांनी भिंतीवरच्या रेघा पाहून विचारलं, हे काय? भाऊसाहेब म्हणाले, “पोरांची बेरीज.” साहेब म्हणाले, “छान.” गावाला ढाल मिळाली. नंतर दवाखान्याचा कागद वर पोचला तेव्हा त्याच रेघांचा फोटो काढून फायलीला लावला. बेरजेचा पुरावा झाला.

अडीच महिन्यांनी झालेल्या सत्काराला कुंडलिकला पहिल्या रांगेत बसवला. दहा दिवस दवाखान्यात गोळ्यांवर राहिलेला, त्यानंतर थेंब न घेतलेला, गालावर मांस धरलेला. शाल त्याला, नारळ त्याला. भाषणात शिबिराचा फायदा म्हणून त्याच्याकडे बोट. शकुबाई मंडपाच्या मागं पाण्याच्या पिंपाशी होती, कोणी पाणी प्यायलं की झाकण ठेवत होती.

दुसऱ्या आठवड्यात कागद आला. ‘अज्ञात ठिकाणाहून मद्य आणून, ते शिबिरार्थीस पाजून योजनेच्या प्रतिमेस बाधा आणली. आपली सेवा का समाप्त करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा.’

त्या संध्याकाळी धोंडाबाई आली, मागं कुंडलिक. शकुबाईच्या दारात ती आयुष्यात पहिल्यांदा आलेली. कुंडलिक खाली बघत म्हणाला, “शकाबाय, मी बोललो असतो गं सायबापुढं. पर मला कायच आठवत न्हाई. मुंग्या तेवढ्या आठवत्यात.”

“नगं बोलू,” ती म्हणाली. “पिऊ नगंस, झालं.”

धोंडाबाई उंबऱ्याच्या आत आली, भिंतीला टेकली. “चहा टाक की,” म्हणाली. शकुबाईनं टाकला. घरात कप दोनच होते, म्हणून तिसरा चहा तिनं पेल्यात घेतला. म्हातारीनं कप दोन्ही हातांनी धरला आणि शेवटपर्यंत प्यायली.

ती दोघं गेल्यावर शकुबाईनं कागद काढला. बारावीतली पोरगी, प्रतीक्षा, शेजारी बसली. “आई, आधी महोदय लिही. मग ‘नम्र विनंती’. चूक झाली, माफी असावी असं लिही. नोकरी राहील.”

“चूक झाली,” शकुबाई म्हणाली. “पर ह्या टायमाला न्हाई.” आणि मग तिनं पोरीला तिच्या बापाची कडी सांगितली. सगळी. प्रतीक्षा ऐकत राहिली. तिनं आईच्या हातातला पेन काढून घेतला नाही, की कागदही ओढला नाही. उठून बाहेर जाऊन बसली. ती रात्री जेवायला आली, पण आईकडे बघितलं नाही. ते अजून पुरतं जुळलेलं नाही. बारा टोपणांची ही किंमत तुमच्या फायलीत नाही.

खुलासा शकुबाईनं स्वतःच्या अक्षरात लिहिला. नर्सबाईंच्या रजिस्टरात बघून बघून शिकलेलं अक्षर, ओळ जरा चढती. नम्र विनंती नाही. पाच वाक्यं आहेत.

‘पोपटला मी कोंडला, दारू दिली नाही, तो मेला. सगळे शाबास म्हणाले. कुंडलिकला तुम्ही कोंडला, मी दारू दिली, तो जिवंत आहे. सगळे मला दोषी म्हणतात. पुढच्या वेळी कुलूप लागलं आणि डॉक्टर मीटिंगला असले, तर किल्लीवाल्या बाईनं काय करायचं, ते सहीशिक्क्यानिशी कळवावं.’

तिची सेवा तुम्ही संपवलीत, त्याचा कागद चार दिवसांत आला. तिच्या ह्या खुलाशाला पाच महिने झाले, उत्तर नाही. तो पोचल्याची नोंद तुमच्या आवक रजिस्टरात आहे, तारीख आहे, कारकुनाची सही आहे. बालवाडीचं कुलूप तिथंच लटकतंय आणि यंदाच्या ढालीसाठी शेजारच्या गावानं तसलंच नवं आणल्याचं ऐकतो. किल्ली कोणाच्या तरी पदराला बांधली जाणार.

तिनं काय करायचं? लिहून द्या.